एकटीचा पैरा

नेसरीच्या अलीकडं नदीच्या वळणावर एक गाव आहे. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचं पाणी चौदा दिवसांत शिवारभर फिरायचं. नदीवरची मोटर पाणी उचलून माळावरच्या टाकीत टाकायची आणि तिथून ते पाटानं एकेका रानात उतरायचं. टाकीजवळचं रान पहिलं, ओढ्याकडचं शेवटचं. या फेरीला गावात फेर म्हणत. शेतीपंपाची वीज एक आठवडा दिवसा असायची, एक आठवडा रात्री. फेर चौदा दिवसांचा आणि विजेचं चक्रही चौदा दिवसांचं. त्यामुळं टाकीजवळच्या रानांना पाणी कायम दिवसा मिळायचं आणि ओढ्याकडच्या रानांना कायम रात्री. कुणी हे मुद्दाम केलं नव्हतं. पण ते बदलावं असंही कुणाला कधी वाटलं नव्हतं.

ओढ्याकडं अगदी शेवटी मीनाबाई कुरणेचं बारा गुंठे रान होतं. त्यांच्या वस्तीतल्या सगळ्यांचीच रानं तिकडं, उताराला आणि खडकाळीला. जुन्या वतनाची जमीन जिथं वाट्याला आली तिथं. नवरा जयसिंग गेला तेव्हा मुलगी संघप्रिया आठवीत होती. त्यानंतर दर चौदाव्या दिवशी मध्यरात्री फावडं आणि बॅटरी घेऊन मीनाबाई एकटीच पाणी पाजायला जायची. सकाळी परत आली की पायांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडलेली असायची. ती चुलीपुढं बसून पाय शेकायची आणि मुलीला म्हणायची, "शाळा बुडवू नगंस."

पण संघप्रियाच्या मनात जे रुतून बसलं ते पाणी नव्हतं. तो पैरा होता.

भांगलणीच्या दिवसांत गावातल्या बायका पैरा करायच्या. आज सगळ्या मिळून एकीच्या रानात, उद्या दुसरीच्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही, देणं नाही; जिच्या रानात काम तिनं दुपारी भाकरीबरोबर झुणका द्यायचा आणि पुढं प्रत्येकीच्या रानात तितके दिवस भरून द्यायचे. ओळीनं बसलेल्या त्या बायका दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढत, हसत, खुरपी चालवत पुढं सरकायच्या. मीनाबाईही त्याच ओळीत असायची, पण रोजगारावर. संध्याकाळी बाकीच्या पदर झटकून घरी जायच्या आणि मीनाबाई मालकिणीच्या दारात थांबायची.

संघप्रिया दहा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "आये, आपल्या रानात बायका कवा येनार?"

"आपल्याला कशाला लागत्यात बायका? तू न् मी हाय की."

"पर आपुन पैऱ्यात का न्हाय?"

मीनाबाईनं हातातल्या तणाची माती झटकली. "रान एवढंसं. फेडायचं कशानं?"

गावातल्या चिमणाबाईचं रान तर दहाच गुंठे होतं आणि चिमणाबाई पैऱ्यात होती. संघप्रियाला हे माहीत होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढं ती शिकली, नुसती शिकली नाही तर कोल्हापुरात विद्यापीठात कॉम्प्युटर घेऊन एम. एस्सी. करायला लागली. १९९७ साली शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा होता. वर्गातल्या मुलांनी दवाखान्याची नोंद, दुकानाची बिलं असले विषय घेतले. तिनं गावचा फेर घेतला. तीन महिने खपून तिनं एक प्रोग्रॅम लिहिला. विजेचं वेळापत्रक आणि सभासदांची यादी दिली की तो प्रत्येक फेर वेगळ्या रानापासून सुरू करायचा आणि वर्षाकाठी रात्रीच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या वाटून द्यायचा. बाकी काही नाही. तिनं त्याचं नावही 'फेर' एवढंच ठेवलं.

छापलेले कागद घेऊन ती संस्थेचे सेक्रेटरी आकाराम तात्यांकडं गेली. तात्या ओसरीवर पान लावत बसले होते. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.

"म्हंजे टाकीजवळच्यास्नीबी रातीचं जायला लागनार?"

"पावसाळा सोडून, वर्षातनं सात-आठ वेळा. सगळ्यांना सारखंच."

"आनि ह्ये ठरवलं कुनी? तू?"

"मशीननं."

तात्यांनी लावलेलं पान तोंडात टाकलं. मागच्याच महिन्यात पाण्यावरून दोघांची डोकी फुटली होती आणि दोन्हीकडची माणसं तात्यांच्या दारात येऊन शिव्या घालून गेली होती. पाळी सेक्रेटरीनं काढली की भांडण सेक्रेटरीशी. मशीननं काढली तर मशीनशी कोण भांडणार? तात्यांनी पानाची पिंक टाकली. "बरं हाय. एक फेर काढून बगू."

एकाचे दोन झाले, दोनाचे दहा. त्या उन्हाळ्यात मीनाबाई पहिल्यांदा दिवसाउजेडी पाणी पाजायला गेली. दुपारी घरी आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं. "पान्याचा रंग बगितला आज," ती म्हणाली. "तांबूस असतंय गं. मला वाटायचं काळंच असतंय."

संघप्रियानं नंतर पुष्कळ काही केलं आणि पुष्कळ काही तिच्या हातून निसटलं. पण एवढं वाक्य तिनं जपून ठेवलं.

शेजारच्या गावांना हे कळायला वेळ लागला नाही. कुणी तात्यांच्या ओळखीनं आलं, कुणी थेट कोल्हापुरात येऊन तिला गाठलं. ती तोवर एका खासगी महाविद्यालयाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक म्हणून लागली होती. ती फ्लॉपी भरून द्यायची. पैसे विचारले की नको म्हणायची. मात्र प्रोग्रॅम उघडला की पहिल्या स्क्रीनवर तिनं चार ओळी घातल्या होत्या:

'हा प्रोग्रॅम फुकट आहे. कोणीही वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. आतलं सगळं लिखाण सोबत दिलं आहे. कोणी सुधारणा केली तर ती मला पाठवावी, म्हणजे सगळ्यांना मिळेल. हा पैरा आहे.'

आणि खाली फोन नंबर.

शेवटचं वाक्य लिहिताना तिला भारी वाटलं होतं. ज्या ओळीत आईला कुणी धरलं नाही ती ओळ आपण स्वतः आखतो आहोत, आणि तिच्यात कुणीही येऊन बसावं.

२००१ साली इंटरनेटवर तिला कळलं की असं करणारी माणसं जगभर आहेत. प्रोग्रॅम लिहितात, आतल्या मजकुरासकट उघडा ठेवतात, अनोळखी माणसं तो सुधारून देतात. तिला फार आनंद झाला. शहरातल्या मोठ्या चौकात गेल्यावर आपल्या गावचं माणूस भेटावं तसं झालं. अशा प्रोग्रॅमांसाठीच्या एका साइटवर तिनं 'फेर' नेऊन ठेवला आणि वाट बघायला लागली.

अडीच वर्षांनी ई-मेलनं एक पत्र आलं. विजयसिंह नावाचा इंजिनिअर, मूळचा मलकापूरचा, पुण्याच्या कंपनीत. 'तुमच्या प्रोग्रॅममध्ये २९ फेब्रुवारी चुकतो. दुरुस्त करून पाठवत आहे.' आणि शेवटी लिहिलं होतं, 'पैरा फेडला.' संघप्रियानं ते पत्र छापून लॅबच्या कपाटाला आतून चिकटवलं. त्यानंतर त्यानं आणखी दोन दुरुस्त्या पाठवल्या. मग तो थांबला.

फोन मात्र थांबत नव्हते. तोवर 'फेर' एक्केचाळीस संस्थांत चालत होता आणि एक्केचाळीस सेक्रेटऱ्यांकडं तिचा नंबर होता. लॅबमध्ये फोन यायचे म्हणून प्राचार्य बोलले, तेव्हा तिनं मोबाइल घेतला आणि स्क्रीनवरचा नंबर बदलला. त्यानं सोय लोकांची झाली. आता फोन कधीही यायला लागले.

"हॅलो, कोन, पान्याच्या मॅडम?"

"बोला."

"मशीन चालू हुईना झालंय."

"काय दिसतंय स्क्रीनवर?"

"कायबी न्हाय. काळं हाय."

"लाइट आहे का?"

मागं कुणाला तरी विचारल्याचा आवाज. "लाइट न्हाय की वो."

"मग लाइट आली की लावा."

"व्हय व्हय. आमी म्हटलं तुमास्नी इचारून घ्यावं."

असल्या फोनांवर ती लॅबमधल्या मैत्रिणींबरोबर हसायचीही. खरं काम वेगळं होतं. विजेची टंचाई वाढत गेली तशी वेळापत्रकं बदलायला लागली. कधी चार तास पहाटे आणि चार तास रात्री, कधी दिवसाआड, कधी या गावाला एक आणि पलीकडच्या गावाला दुसरं. दर बदलाला 'फेर' आतून बदलावा लागायचा, कारण प्रत्येक वेळी वेळापत्रकाची घडणच निराळी यायची. २००५ मध्ये तिनं एक वेगळा स्क्रीन करून दिला: वीज कधी येते, कधी जाते, एवढं भरलं की पुढचं सगळं प्रोग्रॅमनं करायचं. आता हे काम सेक्रेटरीही करू शकले असते.

"मॅडम, ती नवीन खिडकी उगडलीया बगा. रकानं लई हाईत."

"सोपं आहे. सांगते, भरा."

"त्यापरास तुमीच भरून पाठवा की. आमी चुकलो तर पानी वाया जायचं."

समजावून सांगायला तास लागायचा आणि स्वतः भरून पाठवायला दहा मिनिटं. ती भरून पाठवायची. कसं भरायचं ते एका कागदावर लिहून काढावं असं दरवेळी मनात यायचं आणि तेवढ्यात पुढचा फोन यायचा.

मध्यंतरी गडहिंग्लजकडच्या एका दुकानदारानं कॉम्प्युटरबरोबर 'फेर' द्यायला सुरुवात केली. त्यानं पहिल्या स्क्रीनवरच्या चार ओळी काढून तिथं आपल्या दुकानाचं नाव रंगीत अक्षरांत घातलं. तिचा फोन नंबर तेवढा राहू दिला. तिनं त्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, तुमीच लिवलंय की, कुनीबी बदलावं म्हणून. आनि नंबर काढला असता तर लोकांनी इचारायचं कुनाला?" तिनं फोन ठेवला. लिहिलं तर खरंच तिनं होतं.

या सगळ्यात तिची सेट परीक्षा राहत होती. ती पास झाल्याशिवाय प्राध्यापक होता येत नव्हतं आणि लॅब सहायक म्हणून मुलांच्या मागं फिरून माउस पुसण्यात तिला उरलेली वर्षं घालवायची नव्हती. २००४ मध्ये पेपरच्या आठवड्यात नवं वेळापत्रक आलं. २००५ मध्ये ती बसलीच नाही. २००७ मध्ये बसली आणि थोडक्यात राहिली. पेपरच्या आदल्या संध्याकाळी ती कागलकडच्या एका सेक्रेटरीला फोनवर रकाने सांगत होती. तिनं विजयसिंहला सविस्तर लिहिलं: निम्मं काम तू बघशील का, किंवा वर्षातून दोन महिने तरी? तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तो अमेरिकेला निघाला होता. 'मुलाखतीत फेरबद्दल बराच वेळ विचारत होते. तुमचे मनापासून आभार. तिकडे स्थिरावलो की नक्की बघतो.' ते पत्र तिनं कपाटाला चिकटवलं नाही.

तेव्हा तिनं ठरवलं की ओळ आखून भागत नाही, लोकांना बांधावर जाऊन बोलवावं लागतं. २००८ च्या दिवाळीनंतर तिनं एक्केचाळीस संस्थांना हातानं पत्रं लिहिली. प्रत्येक संस्थेनं एक शिकलेलं माणूस पाठवावं, चार रविवार, कोल्हापुरात. मी 'फेर' आतून-बाहेरून शिकवेन. पुढं प्रत्येकानं वर्षातून नऊ दिवस सगळ्या संस्थांचं काम बघायचं. एकाचा भार चाळिसांवर. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं, 'पैऱ्याला या.'

प्राचार्यांच्या हातापाया पडून तिनं लॅब मागून घेतली. शनिवारी थांबून वीस मशीन पुसली, प्रत्येकावर 'फेर' उघडून ठेवला, आणि दुपारच्या जेवणाला भाकरी-झुणका सांगितला. पैऱ्यात जेवण घालायचं असतं.

रविवारी तेरा जण आले. सगळे सेक्रेटरी नाही तर चेअरमन. शिकायला पाठवलेलं एकही माणूस नाही. आकाराम तात्या स्वतः आले होते, गाडी करून. त्यांच्याबरोबर कापडी फलक होता. त्यांनी तो लॅबच्या फळ्यावर लावला: 'जलकन्या संघप्रिया कुरणे यांचा जाहीर सत्कार.' मग पिशवीतून शाल निघाली, नारळ निघाला, आणि फेटा बांधणारा एक माणूसही निघाला. ती नको नको म्हणत असताना त्यानं तिच्या डोक्याला फेटा गुंडाळला. तो मोठा झाला आणि भुवयांवर उतरला.

तात्यांनी भाषण केलं. "आमच्या गावची ही पोरगी. हिच्या आईनं आमच्या रानात खुरपलंय, त्ये आमी इसरलो न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फेट्याखालून संघप्रिया पायाखालच्या फरशीकडं बघत राहिली.

नंतर एकेकानं खिशातून कागद काढले. कुणाला अक्षर मोठं हवं होतं, कुणाला चेअरमनचा फोटो पहिल्या पानावर, कुणाला नवा प्रिंटर चालेना. जोतीराम नावाच्या सेक्रेटरीनं चौदा मागण्या नंबर घालून आणल्या होत्या.

"हे सगळं शिकायलाच बोलवलंय तुम्हाला," ती म्हणाली. "बसा एकेका मशीनपुढं."

कुणी बसलं नाही. मशीनचे पंखे घुमत राहिले. कागलकडच्या एका संस्थेच्या चेअरमन संयोगिताबाई तेवढ्या खुर्चीपर्यंत गेल्या, बोटानं एक बटण दाबून बघितलं आणि परत आल्या. चाळिशीच्या, मोकळ्या बोलण्याच्या बाई.

"राग यायचा न्हाय न्हवं मॅडम? खरं सांगू?"

"सांगा."

"तुमी हाईसा तवर आमी कशाला शिकू?"

बोलण्यात खोट नव्हती, टोमणाही नव्हता. बाईंनी हे एखाद्या थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हटलं. सगळे हसले, संघप्रियाही हसली. मग जेवणं झाली. झुणका चांगला झाला होता. चार वाजता तेरा जण गाड्यांत बसून गेले आणि फलक फळ्यावरच राहिला.

फेब्रुवारीत पुन्हा सेट होती. पेपर रविवारी. यंदा वय पस्तिशीकडं झुकलं होतं आणि तिनं ठरवलं होतं की ही शेवटची. आधीच्या सोमवारी बातमी आली की पुढच्या आठवड्यापासून विजेचं नवं वेळापत्रक लागणार. तिनं एक संध्याकाळ बसून इतकी वर्षं राहिलेला तो कागद अखेर लिहिला. कुठला रकाना कशानं भरायचा, एका पानात, मोठ्या अक्षरांत. एक्केचाळीस प्रती काढल्या आणि कुरिअरनं पाठवल्या. वर लिहिलं: 'माझी परीक्षा आहे. या वेळी कृपया आपण भरा. अडलं तर रविवारी संध्याकाळनंतर फोन करा.' बुधवारी रात्री तिनं मोबाइल बंद करून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला.

तीन दिवस तिनं अभ्यास केला खरा, पण ट्रंकेकडं पाठ करून बसावं लागायचं. तिच्या डोळ्यांपुढं एक्केचाळीस ओसऱ्यांवर एक्केचाळीस माणसं फोन फिरवत बसलेली दिसायची. पाणी अडलंय, मॅडम कुठाईत. रविवारी तिन्ही पेपर चांगले गेले. पाच वाजता विद्यापीठाच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभं राहून तिनं मोबाइल चालू केला आणि मनाची तयारी करून थांबली.

एक निरोप आला. मोबाइल कंपनीचा, जाहिरातीचा. बंद असताना आलेल्या फोनांची यादी ही कंपनी पाठवायची. ती यादी आली नाही, कारण फोनच आले नव्हते. तिनं मोबाइल बंद करून परत चालू केला. रसवाला म्हणाला, "ताई, बर्फ घालू का?" ती हो म्हणाली आणि रस न पिता तात्यांना फोन लावला.

"तात्या, नवं वेळापत्रक आलं न्हवं?"

"आलं की. शुकरवारीच."

"मग फेर काढला?"

"काढला की, कागदावर. तुजी परीक्षा म्हटल्यावर तुला कशाला तरास द्यायचा?"

"मी कागद पाठवलाय. रकाने भरायचे—"

"आलाय. ठेवलाय कपाटात नीट."

"मग काढला कसा?"

"पयल्यासारखा. वरनं खाली."

तिनं श्वास घेतला. "म्हणजे ओढ्याकडं परत रात्रीचं."

"रातीचंच. पयलंबी रातीचंच यायचं की."

"मी आज बसून भरते. उद्या सकाळी तुम्हाला मिळेल."

मग तात्या मायेनं बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता, पोरी. वरच्या मळ्यातली मानसं म्हनाय लागल्यात, ह्येच बरं हाय. अकरा वर्सं रातीचं उटून गेली की ती. बोलली न्हाईत, पर मनात हुतंच. आता आपसूक गाडी मूळपदावर आलीया, तर कशाला? बगू, सभेत इषय घिऊ."

सभा सप्टेंबरात असायची. आणि सभेत टाकीजवळची, वरच्या मळ्यातली माणसं खालच्यांच्या तिप्पट होती. हे तात्यांना माहीत होतं आणि तात्यांना माहीत आहे हे तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी तिनं वीस-बावीस ठिकाणी फोन लावले. कुठं कागदावर, कुठं पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या तोंडी, कुठं जुनाच फेर पुढं ओढलेला. कुणाचं काही अडलं नव्हतं. जोतीरामानं चौदा मागण्यांचं काय झालं ते विचारलं. फक्त संयोगिताबाईंच्या संस्थेत नवा फेर 'फेर'मधूनच निघाला होता.

"आमच्या क्लार्कनं भरला बगा, तुमच्या कागदावरनं," बाई म्हणाल्या. "अर्ध्या तासात झालं. एवढं सोपं हाय तर हा कागद आदीच का न्हाय पाठवला वो मॅडम?"

तिच्याकडं उत्तर होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. चार वर्षं ती दहा मिनिटांचं काम स्वतः करत आली होती, कारण ते दहा मिनिटांचं होतं. आणि कारण फोन वाजला की, वैताग आला तरी, कुठंतरी बरंही वाटायचं.

सेट ती पास झाली. प्राध्यापकांची भरती त्या साली बंद होती म्हणून तासाप्रमाणं मानधनावर तिला घेतलं. मुलं तिला मॅडम म्हणायला लागली, हा एवढा फरक पडला.

एप्रिलात एका दुपारी तिनं 'फेर' उघडला. नव्या वेळापत्रकाचा बदल करून तिनं तो साइटवर ठेवला, सवयच ती. ठेवण्याआधी पहिल्या स्क्रीनवरचं पैऱ्याचं वाक्य तिनं पुसलं, सुधारणा पाठवण्याचंही. फोन नंबरही काढला. उरलं ते असं: हा प्रोग्रॅम फुकट आहे, कोणीही वापरावा. महिनाभरात तो तीन वेळा उतरवून घेतला गेला. कुणी, कुठं, ते कळायला मार्ग नव्हता. वाक्य गेल्याचं कुणी विचारलं नाही.

मे महिन्यात ती गावी गेली. मीनाबाई आता सासष्टीला आली होती. दिवस मावळायला आला होता आणि ती उंबऱ्याजवळ बसून पायांना तेल लावत होती. कोपऱ्यात फावडं टेकवून ठेवलेलं होतं, म्हणजे आज पाळी होती.

"किती वाजता?" संघप्रियानं विचारलं.

"दीडाला म्हनालाय पाटकरी."

"मी तात्यांशी परत बोलते. सभेत—"

"नगं." मीनाबाईनं तेलाची वाटी बाजूला सारली. "दोनदा बोललीस. तिसऱ्यांदा बोललीस की म्हनतील, कुरण्याची पोरगी लई शानी झालीया. ऱ्हाऊ दे."

"अकरा वर्षं सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं, आये. मला वाटलं आता तसंच राहील. एकदा लागलेली सवय..."

"सवय तुला लागली हुती." आईचा आवाज चढलेला नव्हता. "तू त्या मशीनवर काय लिवलं हुतंस, मला आपल्या वस्तीतल्या केरबाच्या लेकीनं वाचून दावलं हुतं एकदा. पैरा हाय म्हनून. तवाच तुला सांगावं असं आलं हुतं मनात. पर तुजं त्वांड बगून गप बसले."

"काय सांगायचं होतं?"

"पैरा त्यांनी आपल्याशी कवाच धरला न्हवता, संघे. तू आपली एकटीच फेडत बसलीस."

संघप्रियानं तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली. बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. शेजारच्या रानात काल रात्री पाणी फिरून गेलं असावं. तिकडून ओल्या मातीचा वास येत होता.

"त्यो फोन आता वाजत न्हाय व्हय गं तुजा?" जरा वेळानं मीनाबाईनं विचारलं.

"न्हाय."

"मग झोप लागत असंल नीट."

"लागते."

"बरं झालं," मीनाबाई म्हणाली. तिनं फळीवरची बॅटरी काढली, मागचं झाकण फिरवून सेल बाहेर घेतले, लुगड्याला पुसले, पुढचा मागं आणि मागचा पुढं घातला, आणि समोरच्या भिंतीवर उजेड पाडून बघितला.